आधीचा फोटो

३ फेब्रुवारी, मंगळवार

किल्ल्या हातात आल्या! सातवं घर.

विकणारे काका स्वतः आले होते द्यायला. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त. बायको चार महिन्यांपूर्वी गेली. त्याआधी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती म्हणे. एकच लेक, ती दूर नोकरीला. आता हे तिच्याकडेच जाणार आहेत, कायमचे, म्हणून घर काढलं विकायला. पलंग, कपाट आणि दोन खुर्च्या तिथेच सोडल्यात. "कुणाच्या कामी आल्या तर द्या, नाहीतर टाकून द्या." दारातून बाहेर पडता पडता पुन्हा वळले. "झाडून-पुसून ठेवलंय हो सगळं."

मी म्हटलं, "कशाला एवढे कष्ट घेतलेत काका? आठवड्यात फोडाफोडीच तर सुरू होणार."

"तरी पण," म्हणाले. पायानं पायपुसणं सरळ केलं आणि गेले.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एवढंसं अंगण. उजेड मात्र झकास. खिडक्या बदलल्या की निम्मी बाजी तिथेच मारली! मिस्त्री सगळीकडे ठोकून बघत म्हणाला, "ताई, घर चांगलं सांभाळलंय हो." मी म्हटलं, "हळू बोल बाबा. आपल्याला ते वाईट दाखवायचंय."

४ फेब्रुवारी, बुधवार

'आधी'चे फोटो झाले. कंबर गेली कामातून.

घर घ्यायचं, नीट करायचं, विकायचं — हे काय, सगळेच करतात. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते दोन फोटो शेजारी-शेजारी बघून. एक आधीचा, एक नंतरचा. दोन्ही एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून. त्यासाठी प्रत्येक खोलीत जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारते मी. कॅमेऱ्याचा स्टँड त्या फुलीवरच. फरशी उखडली तरी माप घेऊन नवीन फरशीवर फुली परत तिथेच. मिस्त्री म्हणतो, "माझ्या पोटावर पाय दिलात तरी चालेल ताई, पण तुमच्या फुलीवर पाय द्यायची माझी छाती नाही."

आणि आधीचा फोटो म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. मला हा धंदा शिकवणारा दलाल सांगायचा, "नंतरचा फोटो कुणीही चांगला काढेल बाई. आधीचा वाईट काढता आला पाहिजे." तो वाईट काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. आज पडदे काढले. बल्ब काढून मिणमिणता लावला. स्पंजनं भिंतीवर पाणी मारलं — धडधाकट भिंतसुद्धा दहा मिनिटं ओल आल्यासारखी दिसते! कपाटाची दारं सताड उघडी टाकली. मिस्त्रीच्या गोणीतला कचरा चार कोपऱ्यांत पसरला. आणि शेवटी आमची गादी. तिसऱ्या घरात मिळालेली, डागाळलेली, कापूस बाहेर आलेली. तेव्हापासून टेम्पोत असते. चार घरांत मिरवून आली, हे पाचवं. आतल्या खोलीतल्या पलंगावर टाकली, अर्धी खाली लोंबती. खोली अशी दिसायला लागली की माझंच मला मळमळलं. फक्कड!

मिस्त्री कचरा पसरताना म्हणाला, "लादी पुसलेली होती हो ताई."

"म्हणून तर पसरायचाय ना?" मी म्हटलं.

पलंगामागच्या भिंतीवर हातभर रुंदीचा एक काळपट पट्टा आहे, बारीक रेघोट्यांचा. पाणी न मारताच कळकट. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर तो अजून गडद केला.

९ फेब्रुवारी, सोमवार

आतल्या खोलीचा फोटो पेजवर टाकला. आधी नुसता 'आधी'चा टाकायचा, लोकांना नाकं मुरडू द्यायची, मग महिन्याभरानं 'नंतर'चा. खाली लिहिलं — 'या घराकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता पाहा!'

संध्याकाळपर्यंत तीनशे कमेंट. 'शी!' 'इथे माणसं राहायची?' 'जनावरंसुद्धा राहणार नाहीत.' नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "आपल्या लग्नाच्या फोटोत मी इतका वाईट का दिसतो ते आज कळलं. आधीचा फोटो होता तो."

हसून हसून पुरेवाट झाली.

११ फेब्रुवारी, बुधवार

फोडाफोडी जोरात. आतल्या खोलीचं प्लास्टर पडलं, नवीन चढलं. पलंग आणि कपाट मिस्त्रीच्या ओळखीच्यांकडे गेलं. गादी परत टेम्पोत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उठून पेज उघडलं. पाचशे कमेंटच्या खाली एक ओळ.

'या पलंगावर माझी आई गेली.'

एवढंच.

आधी कळेचना. मग कळलं. काकांची लेक! कुणा शेजारणीनं तिला फोटो पाठवला असणार. लोक लगेच तिच्यावर तुटून पडले होते. 'आणि तुम्ही कुठे होता?' 'लाज नाही वाटत?' मी फोटो काढून टाकला. पण पाचशे लोकांनी बघितलेला फोटो काढून टाकला म्हणजे काय, डोंबल? ज्यांनी कुणाकुणाला पुढे पाठवला त्यांच्याकडे आहेच तो.

दिवसभर कामावर लक्ष नाही. स्वयंपाकघराच्या फरशीचं माप दोनदा चुकलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

तिचा फोन आला. पेजवर नंबर आहेच माझा.

आवाज अगदी शांत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "मला एकच विचारायचंय. ती गादी तिथेच होती का?"

मी काय म्हणाले ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहायची हिंमत नाही. मी म्हणाले, "आम्ही घर जसं मिळतं तसंच दाखवतो."

खोटं! सरळ तोंडावर खोटं. तिनं आपणहून मला वाट काढून दिली होती. 'नाही हो, गादी माझी, कचरा माझा' म्हटलं असतं की संपलं असतं. पण एका क्षणात सातही घरं डोळ्यांपुढे आली. सगळ्या घरांचे आधीचे फोटो. एक खोटा म्हटला की सगळेच खोटे. उद्या कोण माझं घर घेणार? जीभ आपली आपण वळली.

 ती म्हणाली, "चार महिने मी स्वतःलाच खात होते. आईला शेवटचं बघायला गेले नाही म्हणून. आणि बाबांनी तिला असं ठेवलं होतं तर! बरं झालं, कळलं."

फोन ठेवला. मी फोन हातात धरून सिमेंटच्या गोणीवर बसून राहिले. मिस्त्रीनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. उन्हानं."

१६ फेब्रुवारी, सोमवार

काका अजून गेलेले नाहीत! मिस्त्रीनं सांगितलं. गावातच, इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेतलीय त्यांनी. कालची बस होती त्यांची. लेकीनं फोन करून सांगितलं, येऊ नका. इथून पुढे माझं तोंड बघू नका.

म्हणजे घर विकलेलं, आणि जायचं होतं तिथे दार बंद. माझ्यामुळे. एका गादीमुळे! माणूस सत्तरीचा, हातात दोन बॅगा. त्यांचं घर माझ्याकडे आणि त्यांची लेक... तीही मीच हिरावली म्हणायची.



१८ फेब्रुवारी, बुधवार

गेले शेवटी काकांकडे.

खालून इस्त्रीच्या गरम कपड्यांचा वास येतो त्या खोलीत. एक खाट, एक खुर्ची. दोन बॅगा बांधलेल्याच, दारापाशी. खाटेवरची चादर अशी ताणून घातलेली की एक सुरकुती नाही. मी खुर्चीत बसले आणि तोंड उघडायच्या आतच रडायला लागले. माझं हे असंच, नको तिथे रडू येतं आणि हवं तिथे जीभ टाळ्याला चिकटते.

सगळं सांगितलं. गादी, कचरा, स्पंज, बल्ब, आणि फोनवर बोललेलं खोटं. ते ऐकत होते. रागावले नाहीत! मी वाट बघत होते, आता रागावतील, मग रागावतील. एकदाच म्हणाले, "ती गादी तुमची होती होय? मला वाटलं, कामगारांनी कुठूनतरी आणली असेल झोपायला."

मी म्हटलं, "लेकीनं तुम्हाला विचारलं असेल ना?"

"विचारलं."

"मग? तुम्ही सांगितलं नाहीत?"

"जे सांगायचं ते सांगितलं," म्हणाले, आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

म्हणजे तिनं विश्वास ठेवला नाही. बापाच्या शब्दापेक्षा फोटो खरा वाटला तिला. फोटो खरा वाटावा यासाठीच तर मी मरमर मरते! मी म्हटलं, "मी आत्ता फोन करून सांगते तिला." तर पटकन हात पुढे केला त्यांनी, बसमध्ये कुणी दारातून उतरायला लागल्यावर करतात तसा. "नको. तुम्ही तिच्याशी काही बोलू नका. झालं ते झालं. एवढं कराल ना माझ्यासाठी?"

हो म्हणाले मी. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. ते नको म्हणालेत, मग माझी सुटका! घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काम वेगानं चाललंय. खिडक्या बसल्या. मी मात्र आतल्या खोलीत जायचं टाळते आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू!

आज सुट्टी. कॉम्प्युटरवर तो फोटो उघडून बसले. का, ते सांगता येत नाही. जिभेनं दुखऱ्या दाताला चाचपडत राहावं तसं चाललंय आठवडाभर. मूळ फोटो उघडला, गडद न केलेला. मोठा केला. अजून मोठा. पलंगामागचा तो काळा पट्टा.

मळ नव्हता तो. अक्षरं होती.

पेन्सिलीनं लिहिलेलं. ओळीखाली ओळ, बारीक, उभट अक्षर. ६ डा. ८ उ. १० डा. १२ उ. मला वाटलं औषधांचा हिशेब असेल. मग एका ओळीत पूर्ण शब्द दिसला — 'डावी'. खाली 'उजवी'. आणि कळलं. कूस! दर दोन तासांनी बायकोची कूस बदलायचे ते, आणि कुठल्या कुशीवर निजवलंय ते लिहून ठेवायचे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. दिवसा, रात्री. 'रा. २ डा.' 'रा. ४ उ.' एकही खाडा नाही. भिंत भरली की खोडरबरानं पुसायचं आणि त्याच जागी परत लिहायचं. दोन वर्षं. पुसून पुसून काळा पडलेला तो पट्टा. मी त्याला कळकट म्हणाले. मी तो अजून काळा केला!

एका ओळीच्या शेवटी लिहिलंय, '८ उ. हसली'.

नवऱ्याला हाक मारली. त्यानं वाचलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. बाहेर जाऊन झाडांना पाणी घालायला लागला. सकाळीच घातलं होतं मी.

भिंत राहिली नाही. अकरा तारखेला प्लास्टर फोडून गोण्यांत भरून नेलंय. कुठे टाकलं ते मिस्त्रीलाही आठवत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी आठ वाजता घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मनात आलं — उजवी. दहा वाजता रंगाचे डबे मोजत होते, माझं मलाच ऐकू आलं — डावी. बारा. दोन. बँकेत रांगेत उभी होते तेव्हा चार वाजले. डावी की उजवी ते आठवेना, आणि इतकी घाबरले की रांग सोडून बाहेर आले. बाहेर उन्हात उभी राहून बोटं मोजली. सहा डावी, आठ उजवी, दहा डावी, बारा उजवी, दोन डावी, चार उजवी. उजवी! मग जिवात जीव आला. कुणाचा जीव, कुणात? त्या बाईला मी बघितलेलंही नाही. चेहरा माहीत नाही, नाव माहीत नाही. नुसती कूस माहीत आहे.

दिवसातून सहा-सात वेळा होतं हे. कुणाला सांगायची सोय नाही. मिस्त्री हसेल. नाही, हसणार नाही तो, म्हणून तर सांगवत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

'नंतर'चे फोटो काढायचे होते. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. सुंदर आलेत, खोटं कशाला बोलू.

आतली खोली काही होईना. भिंत पांढरीशुभ्र, खिडकीतून ऊन थेट मधोमध. फुलीवर स्टँड लावला, डोळा लावला, आणि कॅमेऱ्यात पलंग दिसायला लागला. नाही, दिसला नाही. होता असं वाटलं. डोळा काढून बघितलं तर खोली रिकामी. परत डोळा लावला तर परत ते वाटणं, की पलंगावर कुणीतरी पाठ करून निजलंय आणि मी आवाज केला तर जाग येईल. अकरा फोटो काढले. अकराच्या अकरा हललेले. स्टँडवरून! स्टँडवरचा कॅमेरा हलतो कसा?

मिस्त्रीला म्हटलं, तू दाब बटण. त्यानं फुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी कचरा टाकलाय तिथं. मला नका सांगू." सात घरं केली आम्ही मिळून, आजवर एका कामाला नाही म्हणालेला नाही तो.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "काकांनी शब्द घेतलाय माझ्याकडून, नाहीतर मी केव्हाच सांगितलं असतं तिला."

"घेतलाय शब्द. पण तू तो दिलास किती खुशीनं, ते तू मला त्याच दिवशी सांगितलंस," तो म्हणाला.

"मग सातही घरांचे फोटो खोटे ठरतील."

"मग ठरू देत."

"तुझं काय जातंय बोलायला!"

"माझं पण घर चालतं त्याच्यावर," म्हणाला. आवाज चढवला नाही. या माणसाशी भांडण्यात काही अर्थ नाही.

१ मार्च, रविवार

गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको, बरोबर तिची सासू. दोघांना घर बेहद्द आवडलं. पडदा कुठला, पलंग कुठे, सगळं ठरलंसुद्धा त्यांचं. सासू आतल्या खोलीत उभी राहून म्हणाली, "इथे कुणी आजारी-बिजारी, गेलं-बिलं नव्हतं ना?"

नेहमीचं उत्तर तयार असतं माझ्याकडे. गोड हसायचं आणि खिडकीतला उजेड दाखवायचा. आज काय झालं कुणास ठाऊक. म्हणाले, "गेल्या ना. याच खोलीत, दोन वर्षं अंथरुणात होत्या. नवऱ्यानं इतकं केलं त्यांचं, की आपल्या दोघींसाठी कुणी त्याच्या निम्मं करणार नाही."

सासूचा चेहरा उतरला. सून माझ्याकडे बघत राहिली. गेली मंडळी. परत येणार नाहीत. आणि मला काय वाटलं? हलकं! पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मग कळलं. काकांनी शब्द मागितला तो भिडस्तपणानं. आयुष्यभर दुसऱ्यांना सांभाळून नेलेला माणूस, स्वतःसाठी भांडायचं कसं ते त्यांना ठाऊकच नाही. त्यांच्या वतीनं कुणीतरी भांडायला हवं. आणि ते मीच, दुसरं कोण? खड्डा मी खणलाय.

२ मार्च, सोमवार

लिहिलं. पाठवलं.

सकाळी नऊला बसले ते दुपारी दोन वाजले. पहिल्यांदा लिहिलं त्यात मी फार बिचारी दिसत होते, ते फाडलं. दुसऱ्यात फार शहाणी. शेवटी पाच सरळ वाक्यं टाइप केली. गादी माझी. कचरा मी पसरला. भिंत मी ओली केली. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. तुमच्या बाबांनी घर झाडून-पुसून माझ्या ताब्यात दिलं होतं.

खाली फोटो जोडले. आधी गादीचे. एकच गादी, पाच घरं, पाच खोल्या. एकाखाली एक ठेवल्यावर मला स्वतःला बघवेना. आणि मग ती भिंत. जेवढी मोठी करता येईल तेवढी मोठी करून, उजळ करून, एक-एक ओळ वाचता येईल अशी. 'हसली' त्या ओळीला बाजूला खूण केली.

काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

पेजवरही लिहिलं, की माझे आधीचे फोटो मांडलेले असतात, सगळे. नवऱ्यानं वाचलं. डोक्यावर टप्पल मारली आणि भाजी आणायला गेला.

३ मार्च, मंगळवार

तिनं वाचलंय. तशी खूण दिसते. उत्तर नाही.

पेजवर लोक मला नको नको ते बोलतायत. बोलू देत बापडे.

४ मार्च, बुधवार

आलं उत्तर!! दुपारी एक वाजता.

'निघतेय. उद्या चारच्या बसनं पोचेन. बाबांना सांगा.'

मी स्वयंपाकघरात नाचले! मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला, "ताई, तुम्ही रडताय की हसताय?" दोन्ही. लेक येणार, बापाच्या गळ्यात पडणार, दोन्ही बॅगा उचलून त्यांना घेऊन जाणार. ते घर विकलं जावो न जावो. चार वाजले तेव्हा घड्याळ बघितलं आणि मनात काहीच आलं नाही. डावी नाही, उजवी नाही. नुसते चार.

उद्या दुपारी मीच जाऊन सांगते काकांना. त्यांचा चेहरा बघायचाय मला. फोटो काढणार नाही, नुसता बघणार.

५ मार्च, गुरुवार

इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर गाडीत बसून लिहितेय. काका वर आहेत.

सगळं सांगितलं त्यांना, ती येतेय म्हणून. खाटेवर बसले मटकन. मग म्हणाले, "तिनं विचारलं होतं मला, बाबा, आई त्या गादीवर होती? मीच म्हटलं, हो, होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "का पण?"

"आई शेवटपर्यंत दाराकडे बघायची. आली का, आली का. आणि ही म्हणायची, पुढच्या महिन्यात येते. आई गेल्यावर चार महिने पोर धड जेवली नाही, रोज फोन करून नुसती रडायची. तो फोटो बघितला आणि माझ्यावर भडकली. मला वाटलं, भडकू दे. माझ्यावर राग आहे तोवर ती उभी तरी राहील." माझ्याकडे बघितलं त्यांनी. तेव्हाही रागावलेले नव्हते. "आता तिनं कुणावर रागवायचं?"

ते उठले, खुंटीवरचा धुतलेला सदरा काढला. "तुम्ही खाली थांबा, आलोच मी," म्हणाले. "बसमधून उतरेल तेव्हा ती एकटी नको."